लेकीने सांगितलं "मला एक मुलगी आवडते" आणि मी रडले, आता तिच्याशी बोलू कशी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की लेक 17 वर्षांची, बारावी सायन्स, तीन आठवड्यांपूर्वी रात्री तुम्ही दोघी ओटा आवरत असताना ती म्हणाली की क्लासमधली एक मुलगी तिला आवडते, "मैत्रीण म्हणून नाही गं आई". तुम्ही रडलात आणि मग म्हणालात, "या वयात असं होतं, बोर्डाचं वर्ष आहे, डोक्यातून काढून टाक." तेव्हापासून ती ताट घेऊन खोलीत जाते. मिस्टरांना माहीत नाही, सासूबाई घरातच असतात. आणि तुम्ही विचारताय की फोन काढून घेऊ का, कुठल्या डॉक्टरकडे नेऊ आणि मुळात बोलू काय.

मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते, 22 वर्षं झाली. आधी कॉलेजमध्ये होते, आता स्वतःचं बघते. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि समोर बसलेल्या पोरींनी, त्यांच्या आयांनी जे सांगितलं त्यातलं जास्त लिहितेय.

पहिली गोष्ट, ती तुम्हाला सांगायला आली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली आधी मैत्रिणीला सांगतात, मग एखाद्या मावसबहिणीला, आईचा नंबर फार उशिरा लागतो आणि कित्येकींच्या बाबतीत तो लागतच नाही, पंचविशी उलटून गेलेल्या, बंगलोरला नोकरी करणाऱ्या मुली माझ्यासमोर बसून म्हणतात की घरी कधीच सांगणार नाही. तुमच्या लेकीने ते ओट्याशी, पाठमोरी असताना सांगितलं. म्हणजे तिने आठवडाभर तरी मनात घोकलं असणार, आज सांगू, नको उद्या, आजी झोपली की सांगू. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तुम्ही रडलात त्याचं फार मनाला लावून घेऊ नका, आई रडते हे मुलींना माहीत असतं. लागलं असेल ते पुढचं वाक्य. "डोक्यातून काढून टाक" याचा तिच्या कानात पडलेला अर्थ असा की हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही, आणि ती अगदी तेच करतेय, ताट घेऊन आत जातेय. म्हणजे अबोला तिने धरला असं तुम्हाला वाटतंय पण खरं तर तुम्ही जे सांगितलं ते ती पाळतेय. त्यामुळे तोडायचा तो तुम्हीच तोडायचा.

कसा? लांबलचक भाषण तयार करू नका. दोन-तीन वाक्यं पुरतात, साधारण अशी: "त्या दिवशी तू मला सांगितलंस आणि मी घाबरले, म्हणून तसं बोलले. डोक्यातून काढून टाक म्हणाले ते चुकलं माझं. तू काही वाईट सांगितलं नव्हतंस. मला यातलं फार कळत नाही पण तू सांगशील तेव्हा मी ऐकीन." एवढंच. आणि मग गप्प बसा, खरंच गप्प बसा, कारण आपल्याला सवय असते की सॉरी म्हणून झालं की लगेच "पण बाळा तू पण समजून घे ना" हे जोडायचं, आणि त्या "पण"मुळे आधीची सॉरी वाया जाते. ती "हं" म्हणेल, किंवा "ठीक आहे आई" म्हणून फोनमध्ये डोकं घालेल. चालेल. तिने ऐकलंय.

आणि हे समोरासमोर बसवून करू नका. "ये जरा, बोलायचंय तुझ्याशी" असं म्हणून पलंगावर बसवलं की पोरीला कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं. आपल्याकडे मोठ्या गोष्टी शेजारी बसूनच होतात, मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या करताना. मी तर आयांना स्कूटरचा सल्ला देते, हसू नका, स्कूटरवर एकमेकींचे चेहरे दिसत नाहीत, दहा मिनिटांत घर येतं म्हणजे बोलणं आपोआप आटोपतं, आणि तिला उत्तर द्यायचं नसलं तर ट्रॅफिकचा आवाज असतोच.

आता "हे वय असंच असतं" याबद्दल. मला माहितीये हे तुम्ही स्वतःलाच धीर द्यायला म्हणालात. काही मुलींना पुढे वेगळंही वाटतं, काहींना मुलगे आणि मुली दोन्ही आवडतात, काहींना आयुष्यभर मुलीच. यातलं कुठलं होणार हे मला सांगता येणार नाही आणि आज ते कळायची गरजही नाही. पण असा विचार करा, तिने क्लासमधला एखादा मुलगा आवडतो असं सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असतात, अभ्यासाचं बोलला असतात, पण "तुला मुलगे आवडतात हे नक्की का, पुढे बदलेल" असं म्हणाला असतात का? मग इथेच का म्हणायचं. उद्या बदललं तरी आज तिला जे वाटतंय ते आज खरंच आहे.

काही प्रश्न आयांच्या तोंडातून हमखास निघतात, ते जरा आवरा. एक म्हणजे "तुला कोणी काही केलं का लहानपणी?" कधी काळजीने विचारलं जातं ते, पण तिला ऐकू काय येतं तर "तू बिघडलेली आहेस, बिघडवलं कोणी ते सांग". लहानपणी काही वाईट घडलंय का हे विचारायचंच असेल तर ते वेगळ्या दिवशी, वेगळं म्हणून विचारा, याला जोडून अजिबात नाही. दुसरं "माझं काय चुकलं?" काही नाही हो चुकलं. नोकरी केली म्हणून, बाबा कडक म्हणून, मुलींच्या शाळेत घातलं म्हणून असं होतं याला काडीचा आधार नाही, मुलींच्या शाळेत शिकलेल्या बाकीच्या हजारो जणी बघा की. तिसरं म्हणजे वेब सिरीज बघून शिकली. यावर मी नेहमी सांगते की विजय तेंडुलकरांचं मित्राची गोष्ट हे नाटक 1981 सालचं आहे, त्यातल्या मित्रा नावाच्या मुलीला मुलगीच आवडते, तेव्हा आपल्याकडे बहुतेक घरांत टीव्हीसुद्धा नव्हता. पडद्यावर बघून मुलींना शब्द मिळतात एवढंच, जे आधी नुसतं पोटात ठेवायचं त्याला नाव मिळतं.

डॉक्टर. यावर जरा थांबते कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होताना बघितलंय. हा आजार नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये आजारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये, आपल्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही 2018 मध्ये हा आजार समजू नका असं जाहीर सांगितलं. "बरं करतो" म्हणणारे तरीही भेटतात, कोणी गोळ्या देतो, कोणी संमोहन, कोणी अंगारा. मद्रास हायकोर्टाने 2021 मध्ये अशा उपचारांवर बंदीचे आदेश दिले आणि 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरने असं करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्या मद्रासच्या केसमधली एक गोष्ट मला फार आवडते. दोन मुली, घरच्यांचा विरोध, पळून आलेल्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकालाआधी मोकळेपणाने सांगितलं की मला स्वतःलाच हा विषय नीट समजलेला नाही, आणि ते एका मानसतज्ज्ञाकडे सेशनला जाऊन बसले. हायकोर्टाचा जज. त्यामुळे तुम्हाला तीन आठवड्यांत सगळं कळलं नाही म्हणून लाज बाळगायचं काही कारण नाही.

समुपदेशक मात्र हवा असू शकतो, पण तो कशासाठी ते नीट ठरवा. तिला झोप येत नसेल, जेवण तुटलं असेल, किंवा तुम्हाला स्वतःला बोलायला कोणी हवं असेल तर जरूर जा, तुमच्यासाठी तर मी म्हणेन आधी जा. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सरळ विचारा, "माझ्या मुलीला मुली आवडतात, तुम्ही यात काय करता?" समोरून "बघू, लहान आहे, बदलता येईल" असं आलं की थँक्यू म्हणून फोन ठेवा. "ती कशी आहे सध्या, तिला स्वतःला यायचंय का?" असं विचारलं तर जा. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका आईला "वाट बघूया, अजून लहान आहे" असं सांगितलं होतं, चांगल्या मनाने, आणि ती मुलगी परत कधी आली नाही. अजून आठवते.

फोन काढून घेऊ नका. अभ्यासासाठी रात्री 11 नंतर फोन हॉलमध्ये हा नियम आधीपासून असेल तर तो राहू दे, पण या कारणाने काढला तर तिचं बोलायचं एकुलतं एक माणूस तुटेल आणि कळेल तिला बरोबर का काढला ते. मेसेज वाचणं तर नाहीच. आईने चॅट वाचलं हे ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून दुसरं अकाउंट सुरू होतं, हा माझा अनुभव आहे आणि याला अपवाद फार कमी.

आता मिस्टर आणि सासूबाई. हे ठरवायचा हक्क तिचा आहे, तुमचा नाही, नवऱ्यापासून लपवणं तुम्हाला कितीही जड जात असलं तरी. तिला विचारा, "बाबांना सांगायचं का, कधी, तू सांगणार की मी?" आणि ती नको म्हणाली तर नको. एक बाई माझ्याकडे यायच्या, त्यांनी फक्त आपल्या सख्ख्या बहिणीला सांगितलं, विश्वासाने, मन मोकळं करायला, आणि गौरींच्या जेवणाला मुलीकडे बघून दोन काकवा एकमेकींना कोपराने ढोसतायत असं चित्र. मुलीने आईला नंतर कितीतरी महिने काही सांगितलं नाही. बाबांचं म्हणाल तर अंदाज बांधू नका, मी गरजणारे बाप गप्पपणे लेकीला स्टेशनवर सोडायला जाताना बघितलेत आणि फार मॉडर्न म्हणवणारे हातात बेल्ट घेताना बघितलेत. तुमचे मिस्टर कसे आहेत ते तुम्हाला माहीत. मारहाण होईल, शिक्षण बंद करतील, घाईने स्थळं बघायला लागतील अशी जरा जरी शंका असेल तर ती स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत हा विषय तुम्हा दोघींतच ठेवणं शहाणपणाचं आहे, यात खोटेपणा वगैरे काही नाही.

पण न सांगताही घरातली हवा बदलता येते. टीव्हीवरच्या कॉमेडी शोमध्ये साडी नेसून लचकणाऱ्या पुरुषावर सगळं घर खदाखदा हसतं तेव्हा लेक हॉलमध्ये कुठे बसलेली असते ते बघा. तिने वर्षानुवर्षं हिशेब ठेवलेला असतो, कोण कशावर हसलं, मामा "छक्का" म्हणाला तेव्हा आई काही बोलली का. तुम्ही एकदा नुसतं "काय हो हे, बंद करा जरा" म्हणालात तरी तिच्या वहीत नोंद होते.

शब्दांबद्दल विचारलंय तुम्ही, लेस्बियन म्हणू का, समलैंगिक म्हणू का. ती जो म्हणेल तो. ती काहीच म्हणत नसेल तर तुम्हीही चिकटवू नका, तिने एवढंच सांगितलंय की एक मुलगी आवडते. फक्त उभयलिंगी हा शब्द जपून, लोक तो दोन्ही आवडणाऱ्यांसाठी वापरतात पण त्याचा अर्थ शरीराकडे जातो, बायसेक्शुअल म्हटलेलं बरं. आणि कोण आवडतं हा एक विषय, आपण स्वतःला मुलगी समजतो की मुलगा की दोन्ही नाही हा दुसरा विषय. मुलगी आवडते म्हणजे तिला मुलगा व्हायचंय असं नाही, ही गल्लत फार होते. इथे आपल्या मराठीची एक गंमत आहे, इंग्रजीत आय केम म्हटलं की काही कळत नाही, आपल्याकडे "मी आलो" की "मी आले" यातच सगळं येतं, त्यामुळे जी मुलं स्वतःला वेगळं समजतात त्यांची पहिली खूण कधी कधी क्रियापदात दिसते. अर्थात तुम्ही लिहिलंय की ती लहानपणी "मी जातो, मी खातो" म्हणायची म्हणून तुम्हाला आता भीती वाटते, तर ताई तुमचं माहेर कोल्हापूरचं ना? तिकडे अख्ख्या गावातल्या पोरी "मी आलो" म्हणतात! त्यावरून काही काढू नका. ती स्वतः कधी म्हणाली की मला अमुक असं बोलाव, तेव्हा तसं बोला, चुकलं तर दुरुस्त करा आणि पुढे चला.

लग्नाचं काय हा तुमचा खरा प्रश्न, शेवटी एका ओळीत लिहिलाय पण सगळी धास्ती त्यातच आहे. तर जे आहे ते सरळ सांगते. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी कलम 377 मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, म्हणजे हा गुन्हा नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मात्र दोन बायकांच्या किंवा दोन पुरुषांच्या लग्नाला मान्यता मिळाली नाही, ते संसदेवर सोडलं. त्यामुळे भारतात आज कायदेशीर लग्न नाही. एकत्र राहता येतं. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की जोडीदाराबरोबर जॉइंट अकाउंट काढायला आणि त्याला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. मार्च 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही सांगितलं की घरच्यांनी अडवून ठेवलेल्या व्यक्तीची केस समोर आली तर कोर्टाने समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न करायचा नाही. म्हणजे रस्ता अर्धा झालाय अर्धा खड्ड्यांचा आहे. पण हे सगळं सात-आठ वर्षांनंतरचं, आत्ता ती 17 ची आहे, तिच्यासमोर फिजिक्सचा पेपर आहे. तिच्या लग्नाची काळजी तिच्यासमोर करू नका. ती काळजी तुमची, ती दुसरीकडे उतरवा.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर अशाच आई-बाबांकडे. मुंबईत 2017 पासून स्वीकार नावाचा पालकांचा गट आहे, द रेनबो पेरेंट्स म्हणतात, त्यात तुमच्यासारख्याच साड्या नेसणाऱ्या, देवपूजा करणाऱ्या आया आहेत. हमसफर ट्रस्ट 1994 पासून मुंबईत काम करतो. बायकांसाठी म्हणून लेबिया हा गट आहे, 1995 मध्ये स्त्रीसंगम नावाने सुरू झाला होता. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि त्यांनी या विषयावर मराठीत भरपूर लिहिलंय, इंग्रजीत अडखळत असाल तर तिथून सुरुवात करा. तुम्हाला जे वाईट वाटतंय, मांडव, पाहुणे, नातवंडं, आधीपासून घेऊन ठेवलेली पैठणी, ते वाटणं खोटं नाही. रडा हवं तर. फक्त तिच्या खांद्यावर नको, कारण मग ती तुमचीच समजूत काढत बसते आणि स्वतःचं आत ठेवते.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. जेवण जवळजवळ बंद, रात्रभर जागी, हातावर वळ किंवा उन्हाळ्यात लांब बाह्या, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही कानावर आलं, तर स्पष्ट विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का तुला?" विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट सुटका वाटते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात, चोवीस तास. आणि त्या रात्री तिला एकटीला झोपू देऊ नका.

ती दुसरी मुलगी घरी अभ्यासाला येते, येऊ देऊ का असं विचारलंय. येऊ द्या. नियम तोच जो मुलगा आला असता तर असता, दार उघडं, मुक्काम नाही, आणि हा नियम का ते तिला सरळ सांगा, मुलगी म्हणून सूट नाही आणि मुलगी म्हणून जास्त शिक्षाही नाही. दोघी 18 च्या आतल्या असतील, पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यात मूल म्हणजे 18 खालची कुठलीही व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, त्यामुळे समोरच्या घरात काही कळून बिनसलं तर प्रकरण विनाकारण वाढू शकतं, हेही तिला धमकी न वाटेल असं सांगा. त्या मुलीच्या आईला फोन मात्र अजिबात करू नका. तिच्या घरी काय होईल ते आपल्याला माहीत नाही.

शेवटी, रविवारी टेस्ट सुटल्यावर तुम्ही तिला घ्यायला जाणार आहात, तेव्हा बोलू का असं लिहिलंय. हो, तेव्हाच. पेपर कसा गेला हे आधी विचारू नका, पाणी द्या, हेल्मेट घालू द्या, पहिला सिग्नल ओलांडला की ती वर लिहिलेली दोन-तीन वाक्यं म्हणा. घरी पोचल्यावर विषय काढू नका. रात्री तिचं ताट बाहेरच वाढा, नेहमीच्या जागेवर, आणि तिने उचलून आत नेलं तरी काही बोलू नका, सोमवारी परत तिथेच वाढा.